पिंप उघडायचं ते सकाळी

एर्सिलियाने गाठोड्यातून जुनी चादर ओढली, कड दातात धरून चर्रकन फाडली आणि दोन पट्ट्या पिंपाच्या तळाशी अंथरल्या. सॉसच्या बाटल्या पिंपात उभ्या लावायच्या आणि मधल्या फटींत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे पाणी उकळलं तरी काच काचेवर आपटत नाही. पंचेचाळीस वर्षं ऑगस्टातल्या एका दिवशी ती हेच करत आली होती. नवऱ्याचे शर्ट, सासूचे झगे, लेकीचे, नुंत्सियाचे लंगोट, घरातलं सगळं चिंध्या होऊन या पिंपात उकळून निघालं होतं.

यंदाचं गाठोडं नुंत्सियाने आपल्या घरून आणलं होतं. चादरीखाली एक पांढरा ब्लाउज निघाला. तो काही चिंधी करण्याइतका जुना नव्हता, गेल्या ईस्टरला एर्सिलियानेच लेकीला घेऊन दिला होता. एक बाही खांद्यापासून ओढून फाडलेली, आणि कॉलरवर तपकिरी डाग वाळून कडक झालेले. टोमॅटोचा डाग कितीही जुना झाला तरी नारिंगी राहतो. हे रक्त आहे, ते एर्सिलियाच्या बोटांना तिच्याआधी कळलं.

तिने मान वर केली. नुंत्सिया अंगणाच्या दुसऱ्या टोकाला टोमॅटो चिरत बसली होती. डोंगराच्या उतारावर ऊन असं पेटलेलं की दगडावर अनवाणी पाय ठेववेना, आणि पोरीने मनगटापर्यंत बाह्या घातलेल्या.

एर्सिलियाने ब्लाउजची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात सारली.

गेल्या नोव्हेंबरात हीच लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. ओठ सुजलेला होता. एर्सिलियाने तिला सूप दिलं, एक रात्र झोपू दिलं आणि सकाळी म्हणाली, "दिल्या घरी सुखी राहावं, बाई. हात कोणाचा उठत नाही? लोक काय म्हणतील?" नुसतं म्हणून थांबली नाही, बॅगही स्वतः उचलून बसथांब्यापर्यंत नेली. त्या बॅगेचं वजन अजून तिच्या उजव्या हातात होतं.

"आत्या, पानं पुसलीस का?" नुंत्सियाने विचारलं.

"पुसतेय. तुझ्या जन्माआधीपासून पुसतेय," तितिना म्हणाली. ही एर्सिलियाची नणंद. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तोंडात दात तीन, पण जिभेची धार शाबूत. अंगणातल्या पावाच्या भट्टीजवळ खुर्ची टाकून ती मांडीवरच्या परडीतलं एकेक पान फडक्याने टिपत होती. बागेतलं बेसिल दव वाळल्यावर खुडायचं, धुवायचं नाही. ओरेगानो आदल्या दिवशी सावलीत सुकवायचं. टोमॅटो शिजवायचे नाहीत, नुसते चिरडून, मीठ घालून, पानांसकट बाटलीत भरायचे. मग बूच दाबायचं आणि बाटली पिंपात. पिझ्झ्यावर पसरायला एवढंच लागतं. गावात जावयाच्या, सबातीनोच्या पिझ्झाच्या दुकानासमोर रांग लागायची ती या सॉसपायी, आणि सबातीनो गिऱ्हाइकांना सांगायचा की कृती त्याच्या आजोबांची आहे. त्याचे आजोबा गाढवांना नाल ठोकायचे.

त्याची गाडी फाटकात येऊन थांबली तेव्हा अकरा वाजले होते. एरवी तो सॉस झाल्यावर आठवड्याने यायचा, बाटल्या गाडीत भरायचा नि निघून जायचा. सॉसच्या दिवशी तो इथे कधी फिरकलेला नव्हता.

"काय सासूबाई, चाललंय ना?" तो हसत आत आला. माणूस देखणा, खांदे दारभर. "उद्या संत रोक्कोचा उत्सव. तळघरातला सॉस संपलाय. साठ बाटल्या आज संध्याकाळी न्यायच्या आहेत."

"आज नाही मिळायच्या," तितिना म्हणाली. "पिंप उघडायचं ते सकाळी. आतल्या आत थंड होऊ द्यायचं."

"का, पिंपाला झोप लागते?"

"अरे, गरम काच—" एर्सिलिया सांगू लागली.

"सासूबाई, वीस वर्षं मी भट्टीसमोर उभा आहे. आता बायका मला सॉस शिकवणार?" त्याने तितिनाच्या परडीतलं एक पान उचलून चावलं. "तुम्ही भरायचं काम करा. बाकी माझं मी बघतो."

"दशमग्रह म्हणतात तो हाच," तितिना त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. तो हसला. त्याचं हसणं लोकांना फार आवडायचं.

पहिलं पिंप तोवर चुलीवर चढलं होतं. खालून लाकडं धडधडत होती. दुसऱ्या पिंपासाठी नुंत्सिया बाटल्यांत पानं सोडत होती. हात ओले होते, तिने ते स्कर्टला पुसले, पण एक पान थेंबासकट बाटलीत गेलं. ओलं पान आत गेलं तर सॉस आंबतो. सबातीनोने ते पाहिलं.

"हे काय केलंस?"

"काढते," नुंत्सिया म्हणाली.

"काढते! माझ्या दुकानात लोकांना आंबलेलं घालणार?"

त्याने तिचं मनगट धरलं, तिला बाकावरून उठवलं आणि तिचा उघडा तळवा तापलेल्या पिंपावर दाबला. अगदी शांतपणे दाबला, दाराला खिळा ठोकताना माणूस फळी दाबून धरतो तसा. "हात कोरडा कर," तो म्हणाला. "एक. दोन. तीन."

चर्र आवाज झाला. नुंत्सिया ओरडली नाही. ओठ मिटून, डोळे जमिनीवर लावून ती तीन आकडे उभी राहिली. न ओरडणं शिकावं लागतं, एका दिवसात ते येत नाही.

सॉस घोटायचा लाकडी सोटा हाताशी होता. एर्सिलियाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि जावयाच्या खांद्यावर घातला. तिला वाटलं होतं, जोर असेल. तिच्या अंगात जोर उरलाच नव्हता. सबातीनो वळला, सोटा तिच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या छातीवर पंजा ठेवून तिला ढकललं. ती चिरलेल्या टोमॅटोच्या परातीत बसली. कोपर दगडावर आपटलं. बिया तिच्या केसांपर्यंत उडाल्या.

"वय बघा स्वतःचं," तो म्हणाला. त्याने सोटा गुडघ्यावर ठेवून मोडला आणि दोन्ही तुकडे चुलीत सारले. मग नुंत्सियाकडे बघून म्हणाला, "पाचला येतो. बाटल्या घेतो आणि तुलाही. आपलं आज घरी गेल्यावर बोलणं होईल. दार लावून."

गाडी गेली. अंगणात नुसतं पाणी उकळत राहिलं.

तितिनाने एर्सिलियाला विहिरीतून बादली काढायला लावली आणि नुंत्सियाचा हात तीत बुडवला. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती. एर्सिलियाने बाही वर सारली. आत दंडापर्यंत जुने, नवे, पिवळे, जांभळे डाग होते. तिला रडू आलं नाही. संताप आला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचा.

"आज इथेच राहा," ती म्हणाली.

"मागच्या वेळी बॅग तूच उचलून दिलीस ना, आई?"

एर्सिलियाने बादलीत आणखी गार पाणी ओतलं.

"आणि राहून काय होणार?" नुंत्सिया बादलीतल्या हाताकडे बघत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दळण कधी मिळेल ते सांगावं तसं ती सांगत होती. "तो दार तोडेल. तुम्ही दोन म्हाताऱ्या. मग तुम्हालाही मारेल. त्यापेक्षा मी जाते. आज दारू प्यायलेला नसेल तर वाचेन."

"आणि प्यायलेला असेल तर?"

नुंत्सियाने खांदे उडवले. "आज उत्सवाची आदली संध्याकाळ आहे, आई. आज सगळेच पितात."

दुपारी तीनला एर्सिलियाने चुलीतली लाकडं ओढून विझवली. एरवी ती यानंतर पिंपावर गोणपाट टाकायची, घरात जायची आणि सकाळपर्यंत कोणाला जवळ फिरकू द्यायची नाही. या अंगणात वाढलेलं तीन वर्षांचं पोरही सांगेल की गरम बाटलीला गार वारा लागू द्यायचा नसतो, गार पाणी तर लांबच. नुंत्सिया पाच वर्षांची असताना शेजारच्या विताल्याने घाई केली होती आणि बाटली तोंडासमोर फुटली होती. त्याच्या गालावर अजून ओठापासून कानापर्यंत रेघ आहे. लहानपणी नुंत्सिया त्याला विचारायची, काका, तुम्हाला कोणी चिरलं?

पाचला सबातीनो आला. डोळे लाल होते आणि तोंडाला वास होता. त्याने गोणपाट काढलं, पाण्यात बोट बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं.

"अजून पोळतंय. गाडीत खोकी पुठ्ठ्याची आहेत," तो पुटपुटला. मग त्याची नजर विहिरीकडे गेली, तिथून जनावरांच्या दगडी हौदाकडे. एके काळी त्यात गाय पाणी प्यायची. हौद काठोकाठ भरलेला होता. "गार आहे का हे पाणी?"

तितिनाचं तोंड उघडलं. एर्सिलियाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. तोंड मिटलं.

"सासूबाई, कानात बोळे घातलेत का? विहिरीचं पाणी गार असतं ना?"

एर्सिलियाने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पंचेचाळीस वर्षं तिने तो शब्द पोरांना, पाहुण्यांना, मांजरांनासुद्धा ओरडून सांगितला होता. खिशातला ब्लाउज तिच्या मांडीला टोचत होता.

"बर्फासारखं," ती म्हणाली.

त्याने भट्टीचे जाड हातमोजे चढवले. तेवढ्यात नुंत्सिया उठली. तिने आत्याची खुर्ची आत्यासकट मागे ओढली, एका हाताने, जळालेला हात छातीशी धरून. भट्टीच्या भिंतीआड खुर्ची नेऊन ठेवली आणि आईकडे पाहिलं. एर्सिलियाही उठली आणि भिंतीआड जाऊन उभी राहिली. तिघींपैकी कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

सबातीनो बाटल्या उपसत होता. एका खेपेला चार. पहिल्या चार हौदात गेल्या, आठ गेल्या. बारीक टिक्-टिक् आवाज येऊ लागला. "बघितलंत?" तो मोठ्याने म्हणाला. "सकाळपर्यंत थांबा म्हणे. यांच्या नादी लागलो असतो तर धंदा बुडाला असता." बाटल्या नीट बसाव्यात म्हणून तो हौदावर वाकला.

मग एक फुटली, आणि तिच्या धक्क्याने बाकीच्या. दगडी हौदातून स्फोट वरच्या बाजूलाच निघाला. काच भट्टीच्या भिंतीवर गारांसारखी वाजली. सबातीनोचा आवाज आला तो माणसाचा वाटेना. तो गुडघ्यांवर पडला, मोजे घातलेले हात तोंडाशी नेले, मोज्यांत रुतलेल्या काचांनी आणखी कापला गेला. अंगणभर बेसिलचा वास सुटला, दरवर्षी डिसेंबरात पहिली बाटली उघडल्यावर सुटतो तोच.

"नुंत्सिया!" तो ओरडत होता. "दिसत नाही मला, नुंत्सिया!"

नुंत्सियाचं पाऊल पुढे पडलं. सवयीचं पाऊल होतं ते. आता ही गेली तर सगळं गेलं. नुंत्सियाने त्या पावलाकडे पाहिलं आणि ते मागे घेतलं.

"विताल्याकाकांकडे फोन आहे," ती म्हणाली.

"मी जाते," एर्सिलिया म्हणाली आणि निघाली. ती धावली नाही. वाटेत तिला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि विताल्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत पुन्हा बरं वाटलं.

सबातीनोला दवाखान्याच्या गाडीतून नेल्यावर फौजदार आला. अजून उजेड होता. स्वयंपाकघरात बसून त्याने वही उघडली. माणूस याच गावचा, त्याच्या आईचंही असंच पिंप होतं. तो खिडकीतून हौदाकडे बराच वेळ बघत राहिला.

"एक डोळा जाणार म्हणतात डॉक्टर," तो म्हणाला. "हाताच्या शिराही. गरम बाटल्या गार पाण्यात. हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं, एर्सिलियाबाई."

"आपल्याकडच्या पोराला," तितिना म्हणाली. "मी सकाळीच सांगितलं, पिंप उघडायचं ते सकाळी. तर म्हणाले, बायका मला सॉस शिकवणार? मग नाही शिकवला."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. त्याची नजर नुंत्सियाच्या बांधलेल्या हातावर गेली, तिथून एर्सिलियाच्या सुजलेल्या कोपरावर. त्याने काही विचारलं नाही. या गावात आपणहून कोणी विचारत नाही.

"अपघात म्हणून लिहितो," तो म्हणाला. "आणखी काही सांगायचं आहे का?"

नुंत्सियाने आईकडे पाहिलं. नोव्हेंबरात दारात उभी राहून पाहिलं होतं तसंच.

"आहे," एर्सिलिया म्हणाली. तिने एप्रनच्या खिशातून ब्लाउज काढला, टेबलावर पसरला आणि फाटकी बाही तिच्या जागी नीट लावून ठेवली. मग खुर्ची ओढून लेकीच्या शेजारी बसली.

"लिहा," ती म्हणाली. "गेल्या नोव्हेंबरपासून लिहा. त्यात माझंही नाव येईल."