वेलीवरच्या चादरी

शेजारच्या मोकळ्या जागेत नव्या इमारतीचा पाया खणायला लागले आणि आठवडाभरात घराच्या भिंतीला भेग पडली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी खाली, पार जोत्यापर्यंत गेली होती. जाडीला केसाएवढीच. पण सासऱ्यांनी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले होते. भेग पाहिल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला तो ठेवलाच.

"यंत्र आत्ता पलीकडच्या टोकाला आहे," ते सुनेला म्हणाले. "सोमवारी आपल्या कुंपणालगत येणार, ठेकेदारच सांगत होता. कोणी अडवलं नाही तर तुझ्या सासूचं स्वयंपाकघर खड्ड्यात जाईल."

अडवू शकत होतं पालिकेचं एकच कार्यालय, आणि तिथे तक्रार घ्यायची ती फक्त कॉम्प्युटरवरून. फोटो एकच जोडायचा. त्यात घराच्या नंबराची पाटी आणि नुकसान, दोन्ही दिसलं पाहिजे. फाइल दोनशे केबीच्या आत. सासऱ्यांनी काढलेला फोटो त्याच्या तीसपट भरला.

सून एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो काढायची आणि साठवायची. त्यामुळे घरात कुणाचंही कॉम्प्युटरपाशी घोडं अडलं की ते तिच्याच दारात येऊन उभं राहायचं. तिने फोटोची लांबीरुंदी कमी केली, दर्जा खाली आणला, फाइल मर्यादेत बसवली आणि तक्रार पाठवून दिली. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं: 'छायाचित्रात नुकसान आढळत नाही. स्पष्ट छायाचित्रासह पुन्हा अर्ज करावा.'

पाठवलेला फोटो तिने उघडून पाहिला. कार्यालयाचं चुकलं नव्हतं. डावीकडे दाराजवळची पाटी वाचता येत होती, मधे भिंतीवर चढलेली वेल हिरवीगार दिसत होती आणि उजवीकडची भिंत नव्याने गिलावा केल्यासारखी गुळगुळीत झाली होती. पाठवण्याआधी तिने फक्त फाइलचा आकडा पाहिला होता. प्रयोगशाळेत ती असं कधीच करत नसे.

"म्हणजे भेग आपणच बुजवली," सासरे म्हणाले. "तीही गवंड्याला न बोलावता."

"माझंच चुकलं, बाबा. बघून पाठवायला हवा होता."

"नुसती भेग कापून पाठव ना."

"मग पाटी राहते बाहेर. भिंत कुणाची, कसं कळणार त्यांना?"

सासऱ्यांनी खिशातली पेन्सिल काढली. "भेगेवरून एकदा हलका हात फिरवतो. रेघ जरा उठून दिसेल."

"नको. उद्या कोणी तपासायला आलं आणि त्याचं बोट काळं झालं, तर खरी भेगसुद्धा खोटी ठरेल."

पेन्सिल खिशात गेली. "बरं. मी दुसरा फोटो काढून आणतो. ऊन चांगलं आहे."

तेवढ्यात सासूबाईंनी अंगणातल्या दोरीवर पलंगावरची मोठी चादर वाळत घातली होती. सासऱ्यांनी ती बाजूला न करताच फोटो काढला आणि त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली. "भेगेचा फोटो काढा म्हटलं तर हे धुण्याचा काढून आले."

सुनेने तोही कमी करून पाहिला. पाटी दिसत होती, भेग याही फोटोत पुसलेलीच होती, अर्धी वेल चादरीआड गेली होती. लांबीरुंदी पहिल्या फोटोइतकीच ठेवली, दर्जाही तोच ठेवला, तरी फाइल बरीच लहान झाली. तिने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावले आणि वेलीचा भाग मोठा करून पाहिला.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, दोनशे केबी म्हणजे ठरावीक शिधा समजा. सपाट भिंतीला, सपाट चादरीला त्यातला चिमूटभर पुरतो. पण वेलीचं प्रत्येक पान वेगळं, प्रत्येकाची कड वेगळी, सावली वेगळी. सगळा शिधा वेलच खाते. भेगेच्या वाट्याला काही उरतच नाही."

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"कुत्रं कुणाला म्हणताय?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "लेकरासारखी वाढवलीय मी ती वेल."

"आई, घरात साध्या चादरी किती आहेत? फुलाफुलांच्या नकोत."

"कशाला?"

"वेल झाकायला. फोटोपुरती."

सासूबाईंनी आधी वेलीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. "पाहुणे आले की सगळे तिच्यापुढे उभे राहून फोटो काढतात," त्या पुटपुटल्या. पण कपाट उघडून त्यांनी चादरी काढल्या, आणि बांधताना देठ दुखावणार नाहीत अशा बेताने गाठी स्वतःच मारल्या. सासऱ्यांना शिडी धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही.

"ही फसवणूक तर होत नाही ना?" शिडी धरून त्यांनी सुनेला विचारलं.

"आपली तक्रार वेलीबद्दल नाहीये, बाबा."

तिने भेगेशेजारी मोजपट्टी चिकटवली आणि फोटो स्वतः काढला. ढगाआड ऊन गेल्यावर काढला, म्हणजे चादरींवर सुरकुत्यांच्या सावल्या पडायला नकोत. मग दर्जा एकेक पायरी उतरवत गेली आणि दर पायरीला भेग मोठी करून पाहत राहिली. फाइल दोनशेच्या आत आली तेव्हा खिडकीपासून जोत्यापर्यंत रेघ कुठेच तुटली नव्हती. मोजपट्टीवरचे मिलिमीटरसुद्धा मोजता येत होते. तिने तो सासऱ्यांना दाखवला, सासूबाईंना दाखवला आणि मगच पाठवला.

शनिवारी दुपारी कार्यालयातून निरीक्षक आला. त्याने हातातल्या कागदावरचा फोटो आणि समोरचं घर आळीपाळीने पाहिलं. "पत्ता बरोबर आहे ना? फोटोत तर वेल नाहीये."

"आहे. चादरींखाली," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या दोनशे केबीपायी तिने दिवसभर घुसमट सोसलीय."

त्याला फारसं कळलं नाही. त्याने भेग मापली, कुंपणापलीकडे जाऊन खड्ड्याची खोली पाहिली आणि ठेकेदाराला बोलावून घेतलं. बोलणं इथवर ऐकू येत नव्हतं. ठेकेदाराचे हात मात्र बराच वेळ हलताना दिसले आणि मग खाली आले. परत येऊन निरीक्षकाने भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली.

"भिंत पुढे सरकली तर ही तडकेल. या बाजूला आधाराचे खांब उभे केल्याशिवाय खणायचं नाही, असं लेखी दिलंय त्यांना. पट्टी तडकली तर लगेच कळवा."

सोमवारी यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा सून कामावर निघाली होती. ती चपला घालून भिंतीपाशी गेली. सासरे तिच्या आधीच तिथे उभे होते. यंत्र पलीकडच्याच टोकाला होतं. कुंपणाच्या बाजूला दोन माणसं लोखंडी खांब उतरवून घेत होती.

"काच?" तिने विचारलं.

"बघ तूच. माझा चष्मा आत राहिलाय."

तिने वाकून पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिलं.

"अख्खी आहे," ती म्हणाली.