भाईंचा कौल

नीरजाबाईंनी आरोंद्याच्या तिठ्यावर रिक्षा थांबवली ती भांडायलाच. वडिलांच्या, म्हणजे भाईंच्या पुतळ्याला गावकऱ्यांनी पुन्हा हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि गावातला सत्यवान हात जोडून, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायच्या तयारीत उभा होता. दर पुण्यतिथीला हेच. दर पुण्यतिथीला बाई यायच्या, पाकळ्यांचं ताट उचलून बाजूला ठेवायच्या आणि सगळ्यांना खडसावायच्या. जमलेले निम्मे त्यांचेच विद्यार्थी. खाली मान घालून ऐकायचे आणि बाईंची पाठ वळली की पुन्हा सुरू.

आता बघा, ज्या माणसानं जन्मभर देवाशी उभा दावा मांडला त्याचाच देव करायचा, याला काय म्हणावं? भाई गोवामुक्तीच्या लढ्यातले पुढारी, पण त्यांची लढाई सुरू झाली ती देवळात. धाकट्या भावाला घटसर्प झाला तेव्हा भाई लहानच होते. औषध खाडीपलीकडे, पेडण्याच्या डॉक्टरकडे. होडी तयार होती, पण न्यायचं की नाही ते विचारायला आई देवासमोर बसलेली. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कुठलीच पडेना. भाई बोलवायला गेले.

"थांब जरा," आई म्हणाली, "अजून कौल पडूक नाय."

संध्याकाळी पोर गेलं.

दुसऱ्या दिवशी भाई एकटेच खाडी ओलांडून डॉक्टरकडे गेले. "काल तेका आणलो असतो तर तो वाचलो असतो?" त्यांनी विचारलं. डॉक्टर खोटं बोलला नाही. पुढं त्यानंच भाईंना पोर्तुगीज शिकवलं, फ्रान्सच्या क्रांतीचा इतिहास वाचायला दिला, कामगारांची चोरून छापलेली पत्रकं दिली. तुरुंगात भाईंनी ते सगळं पचवलं. पण भाषणात पुस्तकांची नावं क्वचित घ्यायचे. म्हणायचे, "गुलामी पोर्तुगिजांनी आणली नाही. आपलं बरंवाईट आपण दुसऱ्याला ठरवायला दिलं, तिथंच ती सुरू झाली." बाईंना हे बाळकडूच होतं.

आज मात्र बाई ताट उचलून हातातच धरून उभ्या होत्या. एकुलता एक मुलगा कौस्तुभ गोव्याच्या इस्पितळात बेशुद्ध होता, मेंदूत रक्तस्राव झालेला. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जाण्याची भीती. नाही केलं तर कदाचित निभावेल, कदाचित नाही. "तुम्ही घरच्यांनी ठरवा," डॉक्टर म्हणाले. सून नम्रता म्हणाली, "आई, तुम्ही सांगाल तसं." बाईंनी रात्रभर विचार केला. जन्मभर लोकांना विचार करा म्हणून सांगणाऱ्या बाईंना काही म्हणता काही सुचलं नाही. कौस्तुभचे जुने रिपोर्ट घरून घेऊन त्या परत निघाल्या होत्या.

"बाई, कौस्तुभ कसो आसा?" सत्यवाननं हळूच विचारलं.

तेवढं पुरे झालं. बाईंना रडू कोसळलं. ताट त्यांनी होतं तिथंच परत ठेवलं.

"घाल गाऱ्हाणा," त्या म्हणाल्या. "माज्या झिलासाठी घाल. ऑपरेशन करू काय, विचार तेंका."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, बाई शुद्धीवर तरी आल्या असत्या. सत्यवाननं पुतळ्याच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या.

"बा भाई म्हाराजा, आज तुजा चेडू तुज्या पायाकडे इला हा. तेच्या झिलाक राख, आणि काय करूचा ता सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मागाहून बाईही म्हणाल्या.

वारा नव्हता. पाकळ्या हलेनात. बाईंनी नजर ढळू दिली नाही. पर्समधला फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला तेव्हा त्यांनी न बघताच तो कानाला लावला.

"आई, रक्तस्राव वाढतोय. डॉक्टर दारात उभे आहेत," नम्रता घाईघाईनं बोलत होती. "आत्ता नाही नेलं तर मग करताच येणार नाही म्हणतात. हो म्हणू ना? आई? ऐकताय ना?"

उजव्या खांद्यावरच्या पाकळीची कड जराशी सुटल्यासारखी वाटत होती. बाई एक पाऊल पुढं सरकल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून कौल पडूक नाय."