कुशीवर

डब्याच्या झाकणावर रबर दोनदा गुंडाळलं होतं, आणि तरी कडेनं शेंगाचटणीचं तेल सुटून एक लालसर ओघळ खाली उतरला होता – समरा त्या ओघळाकडेच बघत राहिली, कारण नजर जरा वर गेली की समोर मल्लव्वाकाकूंचे डोळे होते.

"तिकडं घिऊन जा," काकू म्हणाल्या. "अमरेशला लई आवडायची."

आवडायची. दोन महिन्यांत काकूंच्या तोंडी हे रूप बसलंही होतं.

सकाळच्या एसटीनं त्या अक्कलकोटहून एकट्याच आल्या होत्या. स्टँडवरून सात रस्त्यापर्यंत रिक्षा, मग गल्लीत घर विचारत विचारत. आपल्या मुलाबरोबर परदेशात शिकणारी मुलगी सुट्टीला आलीय, सोमवारी परत जाणार आहे, एवढं कळलं तेवढ्यावर. अमरेश जूनमध्ये गेला. होस्टेलवरच्या पार्टीत भरपूर प्यायला, आपल्या खोलीत उताणा पडला, आणि झोपेतच उलटी घशात अडकली. तेव्हा काकूंनी फोनवर विचारलं होतं, 'तू व्हतीस काय गं तितं?' आणि समरानं श्वासही न घेता सांगितलं होतं, 'नाही काकू, मी लायब्ररीत होते.'

अम्मीसमोरही हेच सांगितलं होतं. साबेरा – तिची अम्मी – आता शेजारीच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"समरा, पर्दा खींच ले, धूप आरई उनके मूं पे."

ती उठली. पडदा ओढला. ऊन... त्या रात्री होस्टेलवरही ऊनच होतं. रात्रीचे साडेनऊ वाजलेले आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन, त्यामुळे काही वाईट घडेल असं वाटत नव्हतं. सहा खोल्यांच्या मधलं ते स्वयंपाकघर, ओट्यावर बाटल्या, सिंकमध्ये बर्फ, जमिनीवर पाय चिकटत होते, आणि पत्ते खेळता खेळता जो हरेल त्यानं ग्लास रिकामा करायचा. मी प्याले नव्हते. मी कधीच प्याले नाही – एवढं तरी खरं आहे ना? पहिल्याच महिन्यात ती शिकली होती की आपला ग्लास अर्धा भरलेला ठेवायचा, म्हणजे कुणी विचारत नाही. आणि तरी कुणी विचारलंच, तर अमरेश मध्ये पडून सांगायचा, 'तिचं औषध चालू आहे,' आणि स्वतः उठून तिच्या ग्लासात संत्र्याचा रस ओतायचा. न जावं तर खालच्या मजल्यावर आपल्या खोलीत एकटी, वरून सगळ्यांचं हसणं. म्हणून ती जायची. घरी सांगायची, अभ्यास चालू आहे.

"त्याच्या संगं ऱ्हानारा पोरगा," काकू बोलत होत्या, "माज्या भावाला फोनवर म्हनला... अमरेश खोलीत पडला तवा सगळी तिकडं नाचत व्हती. एक पोरगी तेवडी आत गेली. त्याच्या अंगावर चादर घातली. हिकडचीच कुनीतरी व्हती म्हन. त्यानं नुसतं ऐकल्यालं, नाव न्हाय ठावं त्याला." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मीच दिली व्हती ती चादर. सामानासंगं परत आली. मी अजून धुतली न्हाय."

अम्मीनं डोळे पुसले.

"ती पोरगी कोन, तेवडं हुडकून दे की मला. पाया पडते तिच्या. सगळ्यांनी सोडलं, तिनं न्हाय सोडलं."

समराच्या हातांना त्या चादरीचा खरखरीत काठ जणू पुन्हा लागला. दोन्ही हातांनी तिनं ती त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली होती. तो 'साकु, साकु' – पुरे, पुरे – असं काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटला होता. उताणाच होता तो. आणि तिला आठवलं होतं – विसरले असते तर बरं झालं असतं, पण आठवलं होतं – पहिल्या आठवड्यात मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवलेलं चित्र: प्यालेल्या माणसाला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, फोन करा. तिनं त्याच्या खांद्याला हातही लावला. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं की वॉर्डन येतोय, नावं लिहून घेतोय. नावं. पाठवताना अब्बा एवढंच म्हणाले होते, 'बेटा, तुझं नाव कुठं यायला नको.' तिनं खांद्यावरचा हात काढला, चपला हातात घेतल्या आणि मागच्या जिन्यानं चार मजले उतरली. कुशीवर वळवायला किती वेळ लागला असता? दहा सेकंद? दोन महिने ती ते सेकंद मोजत होती, आणि दर वेळी ते कमीच भरत होते.

माहीत नाही म्हणावं. सोमवार परवा तर आहे.

"ती मीच होते, काकू."

आवाज आला तो आपलाच, हे तिला उशिरा कळलं. तिनं काकूंकडे नाही, अम्मीकडे बघितलं. वर्षभर ज्या क्षणाला ती घाबरत आली होती तो हाच – पार्टी, दारू, मुलाची खोली, खोटं, सगळं एकदम उघडं. अम्मीची ओढणी बोटावरून सुटली. ती सरकून जवळ आली आणि हलकेच म्हणाली, "अकेली थी क्या तू उधर?"

एवढंच. एवढ्याचसाठी?... या एवढ्याशा भीतीसाठी मी ते चार मजले उतरले?

काकूंनी पुढं होऊन तिच्या गालांवरून हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. "माजी लेक," त्या म्हणाल्या, "माजी लेक गं." त्यांच्या तळहातांना चटणीतल्या लसणाचा वास होता. त्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी सैल झालं असावं, आणि ते आपण दिलं, आणि ते द्यायचा आपल्याला हक्क नव्हता. इथं थांबता येत होतं. कुणीही विचारणार नव्हतं. अम्मीचा हात पाठीवर होता, काकूंचे हात गालांवर. आयुष्यभर असंच या दोघींच्या हातांत राहता आलं असतं – आणि हेच तिला सहन होईना.

आत कुठंतरी आता भीती नव्हती. नुसती मोकळी जागा होती, आणि त्या जागेत ते एकच वाक्य, पूर्ण, स्वच्छ, वाट बघत उभं होतं. तिनं काकूंची मनगटं धरली. गालांवरून हात काढायला म्हणून नव्हे. ते आपणहून निघतील तेव्हा आपल्याला कळावं म्हणून.

"काकू," ती म्हणाली, "चादर घातली मी. पण..."