डावा डोळा

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर माझा धाकटा भाऊ उभा आहे. दोन मजले उंच, हातात झेंडा, नजर थेट पुलापलीकडे. खरा भाऊ जेमतेम सव्वापाच फूट होता, आणि झेंडा सोडाच, वाळत घातलेली चादरसुद्धा त्याला धड धरता यायची नाही. शिवाय तिरळा होता. डावा डोळा नाकाकडे. मी चिडवायचे, एका डोळ्यानं कापड बघतोस आणि दुसऱ्यानं गिऱ्हाईक पळतंय का ते. शिंप्याच्या दुकानात कापड बेतायला होता तो. शिंपी पुलापलीकडचा. तेव्हा पुलावर काटेरी तारा नव्हत्या, लोक कामाला जायचे-यायचे.

मग दंगल झाली. संध्याकाळी कुणाच्या तरी पँटचं पार्सल बगलेत मारून तो घरी येत होता, पुलावरच गोळी लागली. कुणाची ते आजवर कळलं नाही. आमच्या बाजूच्या समितीला मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं.

अध्यक्ष आले, त्याचा घरातला एकुलता एक फोटो चित्रासाठी घेऊन गेले आणि हरवून बसले. पहिल्या चित्रात डोळा तिरळाच होता, हे मी शपथेवर सांगेन. पण दर तीन वर्षांनी रंग उडतो. मग पेंटर भिंतीवर चौकोन आखतो आणि जुन्यावरूनच नवं उतरवतो. दर खेपेला डोळा जरासा सरळ झाला, हनुवटी जराशी रुंद झाली. बावीस वर्षांत असं सात वेळा झालं. आता तिथं सिनेमातला कुणीतरी उभा आहे आणि पोरंटोरं त्याला सलाम ठोकतात.

आई त्याच्याकडे कधी बघायची नाही. दुधाला जातानाही भिंतीकडे पाठ करून जायची. "हा माझा नाही," एवढंच म्हणायची. मला वाटायचं, म्हातारीचा हट्ट. गेल्या महिन्यात तिनं अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले, आणि तिनं एकच धोशा लावला. "मला त्याचं तोंड दाखव. भिंतीवरचं नको."

त्यातच सातव्यांदा रंग द्यायची वेळ आली. पेंटर मचाणावरून म्हणाला, "फोटो आणा ताई, डोळा होता तसा काढून देतो. चेहरा उद्या दुपारी घेणार आहे."

फोटो असलाच तर पलीकडे शिंप्याकडेच असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाचा पास काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शिवणकाम.

दुकान तिथंच होतं. शिंप्याचे केस पिकलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. भावाचं नाव सांगून फोटो मागितला, तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही त्याची भांडखोर ताई. रोज सांगायचा तुमचे किस्से." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसलं म्हणून रागही आला. त्यानं खणातून फोटो काढून काउंटरवर ठेवला. दुकानासमोर पाच जण, सगळे तरुण, सगळ्यांच्या गळ्यात टेप.

"बघा तुमचा भाऊ," तो म्हणाला.

मी मधल्यावर बोट ठेवलं. उंच, रुंद हनुवटी, सरळ नजर. "किती छान आलाय," मी म्हणाले.

शिंप्यानं चष्मा वर सरकवला. मग हळूच म्हणाला, "ताई, तो मी आहे."

त्यानं कडेच्या एकावर बोट ठेवलं. किरकोळ अंगाचा, तोंड अर्धवट उघडं, डावा डोळा नाकाकडे. मी बघत राहिले. आधी शर्ट ओळखला, कारण इस्त्री माझ्या हातची होती. वरचं बटण तुटलेलं होतं आणि लावून देते म्हणाले आणि विसरले होते. चेहरा मागून आला, कुणा परक्याची ओळख करून द्यावी तसा. लाज वाटली मला. शिंप्यानं मान वळवली आणि फोटो कापडाच्या तुकड्यात गुंडाळून दिला.

परतले तेव्हा पेंटर मचाणावर होता आणि खाली अध्यक्ष. त्यांनी फोटो हातात घेतला, नाक मुरडलं. "असा दाखवायचा हुतात्मा? आणि हे आणलंत कुठून, ते मी विचारत नाही. पण ताई, लोक याला ओळखणार तरी आहेत का?"

बावीस वर्षं मी या माणसासाठी शिव्या साठवल्या होत्या. एकीपेक्षा एक सरस. त्यातली एकही बाहेर पडली नाही. लोकांचं काय घेऊन बसायचं, मी तरी कुठं ओळखलं होतं? पेंटर ब्रश धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खाली बघितलं. त्यानं डोळा सरळ काढला.

घरात गेले. आईला उशीला टेकवून बसवलं, चष्मा चढवला, फोटो हातात दिला. कोणता ते मी सांगितलं नाही. तिनं मधल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. अंगठा थेट कडेला गेला आणि तिथंच राहिला.

"बटण तुटलंय बघ त्याचं," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं लावायला."

"हो आई."

बराच वेळ ती फोटो बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तू ओळखलंस ना गं त्याला, बघितल्याबरोबर?"

"म्हणजे काय," मी म्हणाले. "बघितल्याबरोबर."