पावसाळ्यापुरती ताटी

लोणावळ्यात पावसाची झड पश्चिमेकडून येते. म्हणून मेअखेर लोक घराच्या त्या अंगाला गवताची ताटी उभी करतात आणि दसऱ्याला काढतात. आमच्या विद्यालयाचे अध्यक्ष भिमाजीआबा मात्र ताटीच्या आत भिंत उभी राहिल्याशिवाय ती काढत नसत.

१९१७ साली विद्यालय एका खोलीचे होते. दरवर्षी आबा ताटीच्या आडोशाला आपले टेबल मांडत. पुढच्या वर्षी टेबल नव्या ताटीमागे जाई आणि आधीची, आता वाळलेली खोली एखाद्या वर्गाला मिळे. १९३९पर्यंत विद्यालय इतके लांब झाले की पहिलीच्या दाराशी वाजलेली घंटा मॅट्रिकच्या वर्गात पोचत नसे.

मी तिथे शास्त्र शिकवत होते आणि प्रयोगशाळेसाठी कोरडी खोली मागत होते. तराजूला गंज चढला होता. बाटल्यांतल्या क्षारांचे पाणी झाले होते. त्या वर्षी आबांनी स्वतःची खोली कबूल केली. पण तिच्यापलीकडे दोन हात जागा होती, मग शेजारच्या चाँदभाईंचे निवडुंगाचे कुंपण, मग त्यांच्या म्हशी.

आबा मला घेऊन कुंपणाशी गेले.

“चाँदभाई, ताटी तुझ्या हद्दीत घालू का? पावसाळ्यापुरती.”

“आबा, तुमचा पावसाळा बावीस वर्षं चाललाय,” चाँदभाई धार काढता काढता म्हणाले. “न्हाई जमायचं.”

“बरं.”

प्रयोगशाळा गेली, असे मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी आबांचे टेबल त्या दोन हात जागेत आडवे लावलेले होते. ताटी कुंपणाला टेकवली होती.

“खोली रिकामी आहे, बाई,” आबा म्हणाले.

पाऊस लागला. आबा डोक्यावर इरले घेऊन सह्या करू लागले. मी दोनदा खोली परत देऊ केली.

“तराजू कोरडा आहे ना?”

“आहे.”

“मग झालं.”

चाँदभाई आठवडाभर गोठ्यातून बघत होते. मग कोयता घेऊन आले.

“आबा, तुमी भिजताय का मला लाजवताय?”

“सह्या करतोय.”

चाँदभाईंनी कुंपण तोडून सहा हात मागे घेतले. “दसऱ्याला ताटी काढायची, आबा.”

“काढू.”

दसऱ्याला आबांनी ताटी खरोखरच काढली. आत भिंत तयार होती.

प्रयोगशाळेसाठी आलेल्या पर्जन्यमापकाला भिंतींपासून लांब, मोकळी जागा लागते. विद्यालयात तशी आता उरली नव्हती. मी चाँदभाईंकडे गेले.

“गोठ्यामागे ठेवू का? येत्या पावसाळ्यापुरता.”

त्यांनी आबांच्या नव्या भिंतीकडे पाहिले. मग गोठ्यामागची एक म्हैस सोडली आणि दुसरीकडे नेऊन बांधली.