तीन गियर मागे, एक पुढे

आमच्या जीपला कोणी वय विचारलं तर सांगणार काय? सांगाडा बासष्ट सालचा, इंजिन अडुसष्टचं, गियरबॉक्स मधल्या कुठल्याशा वर्षाचा आणि स्टिअरिंग कोणत्या सालचं हे खुद्द स्टिअरिंगलाही आठवत नसे. कारखाना त्याच जीपमध्ये दरवर्षी थोडं काहीतरी बदलायचा आणि बाबा दरवर्षी मोडलेलं काहीतरी दुसऱ्या सालच्या जीपमधून काढून आमच्या जीपमध्ये बसवायचे. भोकं जुळली नाहीत तर कानशीने मोठी करायची. लांबी कमी पडली तर मधे जाड चकती घालायची. ‘बसतंय’ आणि ‘बसवलं’ यांत बाबांना काडीचाही फरक दिसत नसे.

ते अडुसष्टचं इंजिन पूर्वी एका दूधवाल्याच्या जीपमध्ये होतं. आमच्याकडे आल्यावरही ते प्रत्येक फाटकापुढे हळू व्हायचं आणि दम खायचं. शेजारचे मास्तर म्हणायचे, या सगळ्या थापा. एकदा जीप त्यांच्या फाटकाशी अशीच थबकली, तर मास्तर पातेलं घेऊन बाहेर आले. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जीप मुळात जंगल खात्याची होती. डोंगराच्या माथ्यावर वणव्यावर नजर ठेवायची एक चौकी होती, तिथे पाणी आणि शिधा पोचवायचं काम बाबांचं. चौकीत दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसायची आई. तेव्हा ती आई नव्हती, वायरलेसवाली बाई होती. पाण्याचं एक पिंप आठवडाभर पुरायचं, पण बाबा रोज पिंप घेऊन जायचे. माथ्यावर इतकं पाणी साठलं, की म्हणे बेडकं राहायला आली. शेवटी वरच्या साहेबांनी विचारलं, “हा डोंगर आहे की तलाव?” त्यावर दोघांनी लग्न करून टाकलं. पुढे खात्याने जीप मोडीत काढली तेव्हा बाबांनी ती घेतली.

मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडली. बाबा म्हातारे झाले होते, आईचे गुडघे गेले होते. एक दिवस खात्याचा माणूस सांगून गेला, की चौकी धोक्याची झालीय, परवा सकाळी पाडणार.

बाबा ताट तसंच ठेवून उठले आणि जीपवरची ताडपत्री ओढली.

“अहो, काय करताय?” आईने विचारलं.

“पाडायच्या आधी तुला एकदा वर नेणार आहे.”

“मला नाही बघायची ती खोपटी. वारा नुसता.”

“बघायची नसेल तर डोळे मिटून बस. नेणार म्हणजे नेणार.”

डोंगराचा रस्ता असा होता, की साधी मोटार पहिल्याच वळणावर रडली असती. आई तर दहा पायऱ्या चढायची नाही. म्हणजे जीप चालली तरच आई वर पोचणार. आणि जीपने फाटकाबाहेर पडतानाच मागे ‘कडाक्’ केलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जीपखाली शिरला आणि तोंड पाडून बाहेर आला.

“मागचा एक्सल गेला, बाबा. गोळ्यातल्या दातांचा भुगा झालाय.”

मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी लोखंडी नळी, तिच्या पोटात एक गोळा. इंजिनाचा जोर लांब दांड्याने त्या गोळ्यात येतो आणि तिथून चाकांना वाटला जातो. गोळ्यातले दात गेले की इंजिन कितीही ओरडो, चाकांना ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा आणि आमच्या ताईचे यजमान, म्हणजे भावोजी, सगळे भंगारवाले पालथे घालून आले. बासष्टचा एक्सल कुठेच नव्हता. मिळाला तो पंच्याहत्तरचा. लांबी बरोबर, चाकं बरोबर, स्प्रिंगांचे पाटे बसतील. फक्त आमच्या जीपचा गोळा उजवीकडे आणि याचा डावीकडे! दांडा उजवीकडून येणार आणि गोळा पलीकडे तोंड करून बसणार, नुकतं भांडण झालेल्या जावांसारखं.

दादा एक्सलभोवती फिरला. उकिडवा बसला. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, “उलथा करा! वरची बाजू खाली. गोळा आपोआप उजवीकडे येतो!”

भावोजी थक्क झाले. “अरे, तू कारखान्यात असायला हवा होतास!”

“कारखान्याला परवडलो नसतो,” दादा म्हणाला.

उलथा केला. तेल भरायचं भोक खाली गेलं, ते दादाने बूच ठोकून बंद केलं. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा मात्र काढून ठेवावा लागला. पुढचे दात बासष्टच्या हिशेबाचे, मागचे पंच्याहत्तरच्या; दोन्ही जोडले असते तर आई-बाबा बाजारात चालायचे तसं झालं असतं. एक जण ओढतंय, दुसरं प्रत्येक दुकानाशी थांबतंय. संध्याकाळी जीपची मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचलून इंजिन सुरू केलं. चाकं हवेत झकास फिरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. फिरताहेत एवढंच बघितलं सगळ्यांनी. कुठल्या बाजूला फिरताहेत, ते बघायचं कोणालाच सुचलं नाही.

सकाळी आई ठेवणीतलं पातळ नेसून पुढे बसली. बघायची नव्हती ना खोपटी! बाबांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि जीप ऐटीत मागे गेली, ती थेट शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकली. त्या कोंबड्या पुढे महिनाभर अंडी घालण्याआधी मागे वळून बघायच्या.

“अहो, पुढे!” आई ओरडली.

“पुढचाच टाकलाय!”

दुसरा टाकला. जीप मागे. तिसरा टाकून बघण्याइतकी मागे जागाच उरली नव्हती. दादाचा चेहरा उतरला. एक्सल उलथा केला की चाकंही उलटी फिरणार, हे त्याला तेव्हा उमगलं. “बाबा, माझ्यामुळे झालं,” तो म्हणाला. “आता काढून बसवेपर्यंत संध्याकाळ होईल. ते लोक तर सकाळीच पाडतील.”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “राहू दे,” ती म्हणाली. “मी कुठे मागे लागले होते?” पण जीपमधून उतरली नाही.

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि रिव्हर्स टाकला. जीप गुरगुरली आणि एक हात पुढे सरकली.

“एक आहे की पुढचा!” बाबा म्हणाले. “डोंगर चढायला किती लागतात?”

आणि काय सांगू, रिव्हर्स हा सगळ्यात हळू, पण जोराने सगळ्यात थोर. पुढच्या चाकांची मदत नसताना ती जीप असा चढ चढली, की डोंगरच थोडा खाली वाकला असावा असं मला अजून वाटतं. दगड आले, घसरण आली. इंजिन एका सुरात कण्हत राहिलं आणि चाकं एकेक पाऊल टाकत राहिली.

वर कामगार घण घेऊन उभेच होते. मुकादम म्हणाला, “काकू, सुरुवात करणारच होतो.”

“करा की. मी खिडकी उघडून घेते,” आई म्हणाली. दादाचा हात धरून ती आत गेली. खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. आईने खालून मूठ मारली, तशी ती पहिल्याच फटक्याला उघडली. मग ती तिथे उभी राहिली, खालचं सगळं रान बघत. बाबा आत गेलेच नाहीत. पूर्वी ते पिंप घेऊन दाराशी उभे राहायचे, तसे दाराशीच उभे राहिले. मुकादमाने कामगारांना विडी प्यायला पाठवलं.

उतरताना जीप शहाण्यासारखी उतरली. पंचाईत झाली खालच्या सपाट रस्त्यावर. त्या एकुलत्या एका पुढच्या गियरमध्ये आम्हाला एक मुंगी मागे टाकून गेली, आणि जाताना तिने वळून बघितलं.

“असं घरी पोचायला पंधरवडा लागेल,” भावोजी म्हणाले.

बाबांनी जीप थांबवली, रस्त्यावरच वळवली, तोंड डोंगराकडे आणि पाठ घराकडे केली, आणि तिसरा गियर टाकला. काय सुसाट निघाली! बाबा मान वळवून मागे बघत हाकत होते. दादा आणि भावोजी मागच्या बाकावरून वाट सांगत होते.

“डावीकडे!”

“कोणाच्या डावीकडे?”

“बाबांच्या! नाही, जीपच्या! अहो, सायकल!”

आम्ही चौघेही मागे बघत होतो. समोरच्या काचेतून बघणारी एकटी आई. तिच्यापुढे अख्खा डोंगर होता आणि माथ्यावर चौकीचा पांढरा ठिपका. डोंगर मागे पडतच नव्हता, नुसता लहान होत होता.

“दिसतेय का गं अजून?” बाबांनी मान पुढे न वळवता विचारलं.

“दिसतेय.”

थोड्या वेळाने माथ्यावर धूळ उठली. मी ओझरती बघितली, बोललो नाही.

“आता?”

“दिसतेय हो. खिडकी उघडी आहे.”

मग आमची गल्ली आली. दोन्हीकडे घरं, वर विजेच्या तारा. तिथून डोंगर कधीच दिसत नाही.

“आता गं?”

“तुम्ही मागे बघून चालवा,” आई म्हणाली. “मी बघतेय ना.”