पुडी डोक्याची, बाटली गुडघ्याची

मी एक जुनी बाटली आहे. पण तेला-रॉकेलाची नव्हे हं, चांगली औषधाची! माझा जन्म भट्टीत झाला. काच तापून लाल झाली, फुंकर बसली आणि मला पोट आले. गवतात गुंडाळून आगगाडीने मी खानदेशात उतरले आणि शहाद्याच्या बाजारातून म्हसावदच्या भिकुबाईच्या घरी आले.

मित्रांनो, तो इंग्रजी अमलाचा काळ. दवाखान्यात जाताना बाटली घरूनच न्यावी लागे. तिथे माझ्यात संधिवाताचे कडू पाणी भरत आणि पाठीवर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवत. एक खाच म्हणजे एक डोस. ती पट्टी लावून मी नव्या नवरीच्या तोऱ्यात घरी येत असे.

भिकुबाईचे गुडघे धरले होते, पण गळा मोकळा होता. तिच्या गाण्यावाचून गावात कुणाला हळद लागत नसे. आता तर तिच्या एकुलत्या लेकीचे, गजराबाईचे लग्न ठरले होते. "माय, मन्ही हयदमा गाना तूच म्हनजो," असे तिने आईला बजावून ठेवले होते.

माझ्या औषधाने गुडघे सैल झाले. मी मनात म्हटले, जिंकले! पण लग्नाच्या धावपळीत भिकुबाईचे डोके चढू लागले. शांतिलालशेठच्या किराणा दुकानात डोकेदुखीची पुडी मिळे. ती तिने चंचीत सुपारीशेजारी ठेवली आणि येता-जाता, उपाशीपोटीही खाऊ लागली. गजराबाईने हटकले तर म्हणायची, "डोकानी पुडी डोकामा जास, गुडघानी बाटली गुडघामा. दोन्हीसनी वाट येगयी शे!"

एके दिवशी भिकुबाई दारात धावली. "व माय, वरात उनी का? मन्हा कानमा सनई वाजी ऱ्हायनी!" सारे घर हसले. मीही हसले. पण कान वाजायचे थांबेनात. गाताना सूर भलतीकडे जाऊ लागला. मग पोट पोळू लागले आणि उलटीत रक्त पडले. सगळ्यांचे हसू विरले.

"माय उठनी नही ते मले लगीनच नको," म्हणत गजराबाईने आईला गाडीत घातले. मी तिच्या मांडीवर. बैलांनी शहादा गाठेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरांनी विचारले, "बाटलीशिवाय दुसरं काही औषध घेता?"

"नही हो साहेब, तुमनी आन!"

ती खोटे बोलत नव्हती. दुकानातून जिरे येते, हिंग येतो, तशी पुडी येते. औषध तेवढे दवाखान्यातले, असा तिचा समज. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी भिकुबाई कावली. "तुमना सवालसनी मन्हं डोकं उठाडी दिधं," म्हणत तिने चंचीतून पुडी काढली आणि त्यांच्याकडेच प्यायला पाणी मागितले!

डॉक्टरांनी तिचा हातच धरला. "अहो मावशी, हे औषधच आहे! पुडीतलं आणि बाटलीतलं एकाच जातीचं. दोन्ही मिळून फार झालं, म्हणून कान वाजतात, पोटात जखम होऊन रक्त पडतं. आता दोन्ही बंद!"

दोन्ही? मला रागच आला. पण तिच्या जिवापुढे माझा तोरा तो कसला! मला रिकामे केले, तिला दूध-पेजेवर ठेवले. हळूहळू कान शांत झाले, अन्न पोटात टिकू लागले. हे कळल्यावर शांतिलालशेठ फार हळहळले. तेव्हापासून ते पुडी देण्याआधी प्रत्येकाला विचारत, "दवाखानानी बाटली चालू शे का?"

हळदीच्या दिवशी भिकुबाई तापल्या वाळूने गुडघे शेकून अंगणात बसली. दुखत होतेच. पण तिने असा सूर लावला की पिवळीधमक गजराबाई रडता रडता हसू लागली. कोनाड्यातून मी सारे ऐकले. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, दुखणे पळवणारे औषध जपून घ्यावे लागते. डॉक्टर विचारतील तेव्हा दुकानातले, शेजारणीने दिलेले, घरी कुटलेले, सगळे सांगा. यात लाजण्यासारखे काही नाही. भिकुबाईची ती पुडी चंचीतच राहिली असती, तर गजराबाईच्या हळदीला तिच्या आईचे गाणे झाले नसते.